फ्रेंच बरे की इंग्रज? कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाँडिचेरीवर फ्रेंच आणि तिथून दीडशे किलोमीटरवर मद्रासला इंग्रज, असे दोन प्रतिस्पर्धी शेजारी असताना सामान्य माणसाला कुणाच्या अमलाखाली बरं होतं? फ्रेंच लोक रयतेत मिसळायचे, मनाने उदार होते, हे खरं का? आणि या सगळ्यात मराठ्यांचा काही संबंध येतो का?

माझं बरंचसं आयुष्य या किनाऱ्याचे कागद वाचण्यात गेलं. तंजावरकडची मोडी, मद्रास कौन्सिलची टिपणं, पाँडिचेरीच्या वरिष्ठ मंडळाचे ठराव. या वाचनातून बनलेलं मत आधीच सांगतो. राज्य फ्रेंचांचं आहे की इंग्रजांचं, याने रयतेच्या आयुष्यात वाटतो तेवढा फरक पडत नव्हता. शेजारी दुसरं राज्य आहे की नाही आणि तिथे निघून जाता येतं की नाही, याने मात्र फार पडत होता. जुलूम झाला तर उद्या सकाळी चंबूगबाळं उचलून पलीकडे जाण्याची सोय, हाच तिथल्या विणकराचा आणि व्यापाऱ्याचा खरा हक्क. तो कुठल्याही सनदेत लिहिलेला नव्हता.

मराठ्यांचं आधी सांगतो, कारण आपल्याकडे हा भाग सहसा जिंजीच्या वेढ्यापाशी येऊन संपतो. इंग्रजांना मद्रासची जागा १६३९ मध्ये तिथल्या नायकाकडून मिळाली. फ्रेंच कंपनीचा माणूस फ्रांस्वा मार्तँ पाँडिचेरीत आला १६७४ मध्ये, विजापूरचा सरदार शेरखान लोदी याच्या परवानगीने. तीन वर्षांनी शिवाजी महाराज कर्नाटकात उतरले, शेरखानाचा पराभव झाला, आणि ज्याच्या शब्दावर आपण बसलो तो धनीच उरला नाही अशी मार्तँची अवस्था झाली. त्याने घाईने वकील पाठवला. महाराजांनी तटस्थ राहण्याच्या अटीवर फ्रेंचांना अभय दिलं आणि आजूबाजूच्या मुलखावर आपले अंमलदार बसवले. मार्तँच्या आठवणींमध्ये या दिवसांचं वर्णन आहे. मराठी इतिहासासाठी ते पुष्कळ उपयोगी आहे, फक्त वाचताना लेखक घाबरलेला व्यापारी आहे हे लक्षात ठेवायचं.

पुढे राजाराम महाराज जिंजीत असताना पैशाची ओढाताण होती. १६९० मध्ये इंग्रजांनी त्यांच्याकडून कडलोरजवळ तेवनापट्टणमचा लहानसा किल्ला विकत घेतला आणि त्याचं नाव फोर्ट सेंट डेव्हिड ठेवलं. किल्ल्याबरोबर किती जमीन द्यायची? तर तोफेचा गोळा जिथवर पडेल तिथवरची. इंग्रजांनी यासाठी मद्रासहून मोठी तोफ आणली. गोळा जास्तीत जास्त लांब जावा अशी तोफ भरणं हे गोलंदाजाच्या कसबावर अवलंबून आहे, असा सूचक शेरा मद्रासच्या कागदांत आहे. गोळे चहूकडे उडवले गेले आणि कडलोर गावासकट कितीतरी खेडी एका दिवसात इंग्रजी हद्दीत आली. ती पुढे बराच काळ ‘गोळ्याची गावं’ म्हणूनच ओळखली जात. त्या गावांतल्या शेतकऱ्याला त्या दिवशी काय कळलं असेल? सकाळी तो जिंजीचा होता, दुपारी कंपनीचा झाला. त्याला कुणी विचारलं नाही आणि विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

आता हा किल्ला पाँडिचेरीपासून जेमतेम वीस किलोमीटरवर. म्हणजे प्रश्नात मद्रास म्हटलं असलं तरी रोजच्या व्यवहारातला शेजारी कडलोर होता. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला दुसऱ्या राज्यात पोचायचा. १६९३ मध्ये डचांनी पाँडिचेरी घेतली आणि तहानंतर १६९९ मध्ये परत केली. पाँडिचेरीच्या सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचं श्रेय सगळेजण फ्रेंचांच्या सौंदर्यदृष्टीला देतात, पण त्या आखणीचा आराखडा या सहा वर्षांतल्या डचांचा आहे. फ्रेंचांनी तो पुढे चालवला.

तर या दोन्ही कंपन्यांना हवं काय होतं? कापड. आणि कापडासाठी विणकर, रंगारी, धोबी, त्यांना आगाऊ रक्कम वाटणारे व्यापारी. हे लोक मालकीचे नव्हते. त्यांना बोलावून आणावं लागे. मद्रासला गव्हर्नर जॉर्ज मॉर्टन पिट याच्या काळात १७३४ च्या सुमारास चिंताद्रिपेट ही वस्ती मुद्दाम विणकरांसाठी वसवली गेली. फ्रेंचही तेच करत होते: घराला जागा, करात सूट, देवळाला परवानगी. १७३६ मध्ये फ्रेंच गव्हर्नर ड्युमाने अर्काटी रुपया (अर्काटच्या नबाबाचं नाणं) पाडण्याचा हक्क मिळवला, तेव्हा मद्रासवाल्यांची झोप उडाली आणि काही वर्षांत त्यांनीही तो मिळवला. एकाने एक सवलत दिली की दुसऱ्याला द्यावीच लागे.

कारभाराची पद्धत दोन्हीकडे इतकी सारखी होती की नवख्या वाचकाला कागद कुठल्या गावचा हे मथळा पाहिल्याशिवाय कळत नाही. गोऱ्यांची वस्ती किल्ल्यालगत, काळ्यांची पलीकडे. देशी लोकांचे किरकोळ तंटे चावडीवर. मद्रासलाही चावडी, पाँडिचेरीलाही चावडी, आणि दोन्हीकडे न्याय देणारे कंपनीचेच नोकर. वर मद्रासला गव्हर्नर आणि कौन्सिल, शिवाय १७२६ च्या राजसनदेने आलेलं मेयरचं न्यायालय. पाँडिचेरीला १७०१ पासून वरिष्ठ मंडळ. खाली सगळा भार दुभाष्यावर. दुभाषी म्हणजे फक्त भाषांतर करणारा नव्हे. कंपनीचा माल तोच जमवायचा, कर्ज तोच उभं करायचा, जातीच्या पंचायतींशी बोलणी तोच करायचा. गव्हर्नर बदलत, दुभाष्याचं घराणं टिके.

रयत निघून जाण्याची धमकी देत असे, आणि ती पोकळ नव्हती. मद्रासला उजव्या हाताच्या आणि डाव्या हाताच्या जातींचा, म्हणजे तमिळ समाजातल्या दोन परंपरागत जातिगटांचा, तंटा जुना: लग्नाची किंवा अंत्ययात्रेची मिरवणूक कुठल्या रस्त्याने न्यायची यावरून डोकी फुटत. १७०७ मध्ये थॉमस पिट गव्हर्नर असताना उजव्या हाताच्या जातींतले बरेच लोक रागावून शेजारच्या सान थोमेला जाऊन बसले. कंपनीचं काम ठप्प झालं. मग मनधरणी, मध्यस्थी, तडजोड. पाँडिचेरीत वाद असायचा तो बहुतेक देवळाचा. जेझुइट पाद्र्यांना वेदपुरीश्वराचं देऊळ डोळ्यांसमोर नको होतं, पॅरिसहूनही अधूनमधून तसा दबाव येई. अठराव्या शतकाच्या पहिल्या पंधरावीस वर्षांत जेव्हा जेव्हा देवळावर किंवा उत्सवावर बंदीची भाषा झाली, तेव्हा तेव्हा लोक गाव सोडायला निघाले आणि मंडळाने पाऊल मागे घेतलं. यात उदारपणा कुठेच नव्हता. हिशेबाच्या वहीत विणकर गेल्याचा तोटा किती, ते त्यांना नीट कळत होतं.

नैनिअप्पा पिल्लेंची गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी. फ्रेंच कारभाराचं बरंवाईट सगळं तिच्यात एकत्र सापडतं. नैनिअप्पा हे पाँडिचेरीचे मुख्य दलाल, म्हणजे कंपनीचा उजवा हात. हिंदू, श्रीमंत, लोकांत वजन असलेले. याच कारणाने जेझुइटांच्या मनात सलणारे, कारण त्या जागी त्यांना ख्रिस्ती माणूस हवा होता. १७१५ मध्ये उत्सवावरच्या निर्बंधांवरून लोक पुन्हा गाव सोडून जायला लागले. गव्हर्नर एबेर नुकताच जेझुइटांच्या शिफारशीने परत आलेला. १७१६ च्या सुरुवातीला त्याने नैनिअप्पांना अटक केली. आरोप जुलूम आणि राजद्रोह; लोकांना चिथावणी यांनीच दिली, असं म्हणणं. साक्षीदार तमिळ, त्यांचं बोलणं पोर्तुगीजमध्ये आणि तिथून फ्रेंचमध्ये उतरलेलं, आणि उतरवणारी माणसं विरुद्ध बाजूच्या विश्वासातली. शिक्षा झाली: भर बाजारात पन्नास फटके, मालमत्तेची जप्ती, कैद, आणि मुलांसह हद्दपारी. पुढच्याच वर्षी ते कैदेत वारले.

एवढ्यावर संपलं असतं तर ती त्या काळातली नेहमीची कथा झाली असती. पण त्यांच्या मुलांनी फ्रान्सपर्यंत दाद मागितली आणि काही फ्रेंच व्यापारी व दुसऱ्या पंथाचे पाद्री त्यांच्या बाजूने उभे राहिले. एबेरला परत बोलावलं गेलं, निकाल रद्द झाला. मोठा मुलगा गुरुवप्पा स्वतः फ्रान्सला गेला, बाप्तिस्मा घेऊन, राजाकडून ‘शव्हालिए’ हा किताब घेऊन परतला आणि बापाच्याच जागेवर मुख्य दलाल झाला. बाप मेला तो हिंदू राहून. मुलाला ती गादी मिळाली ती ख्रिस्ती होऊन. फ्रेंचांच्या उदारपणाबद्दल विचारलंत म्हणून हा तपशील.

याच प्रकरणाची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. नैनिअप्पांचे मेहुणे तिरुवेंगडम पिल्ले मूळचे मद्रासचे, पेरंबूरचे. त्यांच्याच बोलावण्यावरून पाँडिचेरीत आले होते. अटक होताच ते मद्रासला परतले. एबेर गेल्यावर नव्या गव्हर्नरला व्यापाराची घडी पुन्हा बसवायची होती, तेव्हा त्याने तिरुवेंगडमना आग्रहाने परत बोलावलं. त्यांच्याबरोबर आलेला मुलगा म्हणजे आनंद रंग पिल्ले, पुढचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याचा प्रसिद्ध दुभाषी, ज्याची १७३६ पासून १७६१ पर्यंतची तमिळ रोजनिशी आज आपल्याला या काळाची सगळ्यात जवळची खिडकी आहे. इंग्रजांचं मद्रास शेजारी नसतं तर हे कुटुंब कुठे गेलं असतं? आणि फ्रेंचांना त्यांची मनधरणी करायची गरज तरी का पडली असती?

आता हीच सोय बंद झाली की काय होतं, तेही याच रोजनिशीत आहे. १७४६ मध्ये फ्रेंच आरमाराचा प्रमुख ला बूर्दोने याने मद्रास जिंकलं. (इथे एक धोक्याची सूचना. इंग्रजी कागदांत ही तारीख १० सप्टेंबर आहे आणि फ्रेंच कागदांत २१ सप्टेंबर. दोन्ही बरोबर. १७५२ पर्यंत इंग्रजांची दिनदर्शिका अकरा दिवस मागे होती. त्यात मराठी कागदांची सुहूर सनं (जुन्या मराठी कागदांतली कालगणना) आली की विद्यार्थी हमखास घोळ घालतात. आधी तिन्हींचा तक्ता करून मगच लिहायला बसावं.) डुप्लेने मद्रासच्या व्यापाऱ्यांना पाँडिचेरीत येऊन राहण्याचे हुकूम सोडले. बरेचसे आले नाहीत, आजूबाजूच्या गावांत पांगले. किल्ल्यालगतची काळ्यांची वस्ती फ्रेंचांनी मोकळ्या जागेसाठी पाडायला सुरुवात केली. १७४९ मध्ये मद्रास परत मिळाल्यावर इंग्रजांनी उरलेलं पाडलं. आज मद्रासच्या उच्च न्यायालयाच्या भोवती जी जागा आहे, तिथे ही माणसं राहत होती. वस्ती पाडण्याच्या बाबतीत दोन शत्रूंचं असं पूर्ण एकमत होतं. शिवाय परतलेल्या इंग्रजांनी फ्रेंचांना सामील झाल्याच्या संशयावरून कॅथलिक आणि आर्मेनियन लोकांना गोऱ्या वस्तीतून हुसकलं. राज्य दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा भरपाई त्याच लोकांकडून वसूल झाली.

१७४८ च्या पावसाळ्यात बोस्कावेनच्या इंग्रजी फौजेने पाँडिचेरीला वेढा घातला. वेशी बंद. आणि त्याच वेढ्यात, सप्टेंबरमध्ये, वेदपुरीश्वराचं देऊळ पाडलं गेलं. डुप्लेची बायको आणि जेझुइट यांचा त्यात पुढाकार होता. आनंद रंग पिल्लेंनी तो दिवस फार दुःखाने लिहून ठेवला आहे. जवळजवळ पन्नास वर्षं जे देऊळ लोकांच्या निघून जाण्याच्या भीतीने वाचलं होतं, ते पडलं तेव्हा बाहेर पडायला वाट नव्हती. वेढ्याच्या गडबडीत हे झालं असं सहसा म्हणतात. मला वाटतं, वेढा होता म्हणूनच ते करता आलं.

लढायांबद्दल फार लिहीत नाही, ते सगळीकडे मिळतं. फ्रेंच सेनापती लाली १७५८ मध्ये आला, त्याने फोर्ट सेंट डेव्हिड जमीनदोस्त केला, आणि तोफा-सामान ओढायला मजूर मिळेनात तेव्हा उच्च जातींच्या लोकांनाही जुंपलं, त्यामुळे उरलीसुरली सहानुभूतीही गमावली. १७६० च्या जानेवारीत वांदिवाशला इंग्रजांकडून हरला, पुढच्या जानेवारीत पाँडिचेरी शरण आली. पिल्ले त्याच्या तीन-चार दिवस आधी वारले. इंग्रजांनी मग पाँडिचेरीचा किल्ला आणि गोरी वस्ती पाडून टाकली. त्यामुळे आज जे ‘जुनं फ्रेंच गाव’ म्हणून दाखवतात ते डुप्लेच्या वेळचं नाही. १७६५ नंतर पुन्हा उभारलेलं आहे. त्यानंतरही पाँडिचेरी १७७८, १७९३ आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतली आणि दर वेळी युरोपातल्या तहाने परत केली.

मराठ्यांचं एक राहिलं. १७४० मध्ये रघुजी भोसल्यांच्या फौजेने अर्काटचा नबाब दोस्तअली याला दामलचेरीच्या घाटात मारलं, तेव्हा नबाबाचा कबिला पाँडिचेरीच्या आश्रयाला गेला आणि पाठोपाठ त्याचा जावई, त्रिचनापल्लीचा चंदासाहेब, याची बायको-मुलंही. रघुजींनी खंडणी आणि माणसं दोन्ही मागितली, ड्युमाने नकार दिला. मराठ्यांनी पाँडिचेरीवर हल्ला का केला नाही याबद्दल एक आख्यायिका आहे, की वकिलाबरोबर आलेल्या फ्रेंच मद्याच्या बाटल्या रघुजींच्या बायकोला इतक्या आवडल्या की आणखी मिळवण्यासाठी रघुजींना नमतं घ्यावं लागलं. गोष्ट मजेची आहे, पण एवढ्या मोठ्या फौजेचा मोहरा बाटल्यांनी वळला हे मला पटत नाही. समोर तट होता, तोफा होत्या, आणि त्रिचनापल्ली जास्त मोठं सावज होतं. ते १७४१ च्या मार्चमध्ये पडलं, चंदासाहेब साताऱ्याला कैदेत गेला. फ्रेंचांची प्रतिष्ठा मात्र या नकाराने एकदम वाढली. आश्रय देणारी जागा म्हणून पाँडिचेरीचं नाव झालं ते तेव्हापासून, आणि पुढे १९१० मध्येही ते उपयोगी पडलं. ते सांगतोच.

आधी मधलं शतक. १८१६ मध्ये पाँडिचेरी शेवटची परत मिळाली ती अशा अटींवर की स्पर्धा जवळजवळ संपलीच. किल्ला बांधायचा नाही, पोलीस कामापुरते शिपाई ठेवायचे. आणि १८१५ चा मिठाचा करार. फ्रेंच हद्दीत पिकणारं स्वस्त मीठ इंग्रजांच्या मक्तेदारीला भोक पाडत होतं. म्हणून इंग्रजांनी फ्रेंचांचं जादा मीठ विकत घेण्याचं कबूल केलं, त्याच्या मोबदल्यात दरसाल चार लाख सिक्का रुपये आणि बंगालच्या अफूच्या ३०० पेट्या रास्त भावाने देण्याचं ठरलं. १८१८ मध्ये तर पाँडिचेरीतली मिठागरंच बंद करायला लावली. मिठागरवाल्यांची भरपाई म्हणून वर्षाला ४,००० पॅगोडा (दक्षिणेतलं सोन्याचं नाणं). पुढे फ्रेंच हद्दीतला माणूस इंग्रजांनी दिलेलं मीठ फ्रेंच सरकारकडून घेऊन खात होता. माझ्या मते हिंदुस्थानातल्या फ्रेंच सत्तेचा खरा शेवट हा आहे. वांदिवाशनंतरही फ्रेंच उभे राहिले होते. या करारानंतर ते इंग्रजांच्या पेन्शनवर जगले. आणि रयतेच्या दृष्टीने पाहिलं तर पलीकडे जाऊन पोट भरण्याची जी वाट होती ती इथे आटली. विणकराला तर दोन्हीकडे मँचेस्टरच्याच कापडाशी झुंजायचं होतं.

उरली ती कायद्याची तफावत. इथे फ्रेंचांच्या बाजूने बोलायला थोडी जागा आहे. १८१९ पासून फ्रेंच कायदे लागू झाले, देशी लोकांचे जातीचे रिवाज तसेच ठेवून. १८७१ नंतर पाँडिचेरीतल्या प्रौढ पुरुषांनी पॅरिसच्या संसदेत प्रतिनिधी निवडून पाठवला. शेजारच्या मद्रास इलाख्यात तेव्हा असं मत कुणाला स्वप्नातही मिळणार नव्हतं. १८७३ मध्ये पोन्नुतंबी पिल्ले नावाचे वकील पायात बूट घालून न्यायालयात उभे राहिले. देशी माणसाने न्यायाधीशासमोर बूट काढून यावं हा दंडक, त्यांनी तो मोडला म्हणून कारवाई झाली. ते पॅरिसच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जिंकले. बुटांचा हा मानापमान इंग्रजी मुलखातही तेवढाच तापलेला होता, पण तिथे असा निकाल मागायला पॅरिस नव्हतं. १८८१ च्या हुकुमाने ज्याला हवं त्याने आपला जातिरिवाज सोडून फ्रेंच दिवाणी कायदा आणि नवं आडनाव घ्यावं अशी सोय झाली. घेणाऱ्यांत ख्रिस्ती आणि दलित जास्त होते. पोन्नुतंबींनीही घेतलं आणि ‘लापोर्त’ झाले.

यावरून फ्रेंच अमलाखाली समता होती असं कुणी म्हणू लागलं की मी मतदारयाद्या दाखवतो. गोऱ्यांची यादी वेगळी, जातिरिवाज सोडणाऱ्यांची वेगळी, बाकीच्यांची वेगळी, त्यामुळे मूठभरांच्या मताचं वजन हजारोंच्या मताहून जड. निवडणुका म्हणजे लाठ्या, पळवलेल्या मतपेट्या, आणि शण्मुग वेलायुद मुदलियारांसारख्या सवर्ण पुढाऱ्याची वर्षानुवर्षं चाललेली सद्दी. मताचा हक्क कागदावर होता आणि मत बहुधा गावच्या सावकाराच्या खिशात. आणि याच हद्दीतून, पाँडिचेरी व कारिकलच्या बंदरांतून, माणसं करारावर मजुरीला रेयुनियन, मार्तिनिक, ग्वादलूप या फ्रेंच बेटांवर जात होती. ती बरीचशी इंग्रजी मुलखातली, दलालांनी भुलवून हद्दीपलीकडे आणलेली. १८६१ च्या करारापर्यंत तर हे चोरीछुपेच चाललं. निघून जाण्याची वाट सगळ्यांना सारखी कधीच नव्हती, हे इथे स्पष्ट दिसतं. व्यापारी स्वतःच्या पायांनी जायचा, भूमिहीन मजुराला दुसरे कुणी न्यायचे. माणसं पळवून गुलाम म्हणून जहाजावर चढवणाऱ्या टोळीची हकीकत पिल्लेंच्या रोजनिशीत १७४३ सालीच आहे.

विसाव्या शतकात ही हद्द पुन्हा एकदा कामाला आली, या वेळी राजकारणासाठी. १९०८ मध्ये तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती, एप्रिल १९१० मध्ये अरविंद घोष, त्याच वर्षी पुढे लंडनहून निसटलेले व. वे. सु. अय्यर, असे एकेक जण पाँडिचेरीत आले. अय्यर हे सावरकरांचे इंडिया हाउसमधले सहकारी. इंग्रजांच्या गुप्त पोलिसांनी गावात बिऱ्हाडच थाटलं. फ्रेंचांवर दबाव आला, तेव्हा १९११ मध्ये असा नियम निघाला की परक्या माणसाने पाच प्रतिष्ठित रहिवाशांची हमी देऊन नाव नोंदवावं. गावात पाच सह्या देणारे निघाले आणि मंडळी राहिली. म्हणजे फ्रेंचांनी इंग्रजांना नाही म्हटलं नाही आणि पाहुण्यांना जा असंही म्हटलं नाही.

ही हद्द प्रत्येक वेळी वाचवत नसे. ८ जुलै १९१० रोजी मार्सेच्या बंदरात सावरकरांनी जहाजातून उडी मारली आणि फ्रेंच भूमीवर पाय ठेवला. कायद्याने ते इंग्रजांच्या हाताबाहेर गेले होते. पण फ्रेंच शिपायानेच त्यांना पकडून परत जहाजावर सोपवलं. फ्रान्सने तक्रार केली, प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं आणि २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात असं ठरलं की सोपवण्यात अनियमितता झाली, तरी कैदी परत करण्याचं बंधन इंग्लंडवर नाही. पाँडिचेरी आणि मार्से यांतला फरक मला असा दिसतो: पाँडिचेरीत इंग्रजांना त्रास देण्यात स्थानिक फ्रेंच अधिकाऱ्यांचा आणि रहिवाशांचा जुना रस होता, मार्सेच्या शिपायाला तो असण्याचं कारण नव्हतं.

या फटीतून सगळं चांगलंच आत यायचं असंही नाही. १९३० च्या एप्रिलमध्ये इंग्रजी मुलखात सारडा कायदा लागू झाला, बालविवाह गुन्हा ठरला. आंध्रात गोदावरीकाठी फ्रेंचांचं यानम हे चिमुकलं गाव. तिथे हा कायदा नाही. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून वऱ्हाडंच्या वऱ्हाडं यानमला येऊन लहान मुलांची लग्नं लावू लागली, इतकी की गावाला ‘कल्याणपुरम’ म्हणू लागले. तीच हद्द, तीच सोय, आणि भोगणारी दहा वर्षांची मुलगी. सोन्याची, दारूची चोरटी वाहतूक तर शेवटपर्यंत चालली.

१९४७ नंतर भोवतालचा मुलूख स्वतंत्र झाला आणि ही फट आता स्वतंत्र भारताच्या जकातनाक्यांनी वेढली गेली. माल अडायला लागला, व्यापारी वैतागले आणि फ्रेंचांच्या बाजूची नगरपालिकेतली माणसंही एकेक करून विलीनीकरणाकडे वळली. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी कीळूरच्या मतदानात १७८ लोकप्रतिनिधींपैकी १७० जणांनी भारतात जाण्याच्या बाजूने मत दिलं. १ नोव्हेंबरपासून कारभार भारताकडे आला. कायदेशीर हस्तांतरणाला मात्र १६ ऑगस्ट १९६२ उजाडला. तेव्हा लोकांना फ्रेंच नागरिकत्व निवडायला सहा महिन्यांची मुदत होती. बहुतेकांनी काहीच केलं नाही आणि ते भारतीय झाले. ज्यांनी निवडलं त्यांत १८८१ च्या हुकुमाने जातिरिवाज सोडलेल्यांचे वंशज आणि फ्रेंच सैन्यात नोकरी केलेले बरेच होते.

मूळ कागद वाचायचे असतील तर पिल्लेंची रोजनिशी आधी घ्या. इंग्रजी भाषांतराचे बारा खंड छापलेले आहेत. १७४६ ते १७४९ चे खंड वाचताना त्याच दिवसांच्या मद्रास आणि फोर्ट सेंट डेव्हिडच्या नोंदी शेजारी ठेवा, आणि अकरा दिवसांचा फरक विसरू नका.